हौशी डावाची उलटतपासणी

स्पेनमधल्या व्हॅलेन्सिया शहरात १४७५ च्या सुमारास तिघा कवींनी मिळून एक लांबलचक कविता रचली. कडवी चौसष्ट, म्हणजे बुद्धिबळाच्या पटावर जितकी घरे तितकीच. कवितेचे नाव ‘स्काक्स द आमोर’, विषय प्रेमाचा, पण तिच्या पोटात बुद्धिबळाचा एक अख्खा डाव दडलेला आहे. फ्रान्सी द कास्तेल्वी हा सरदार एका बाजूने खेळतो, नार्सीस विन्योलेस हा शहराच्या कारभारात वावरणारा कवी दुसऱ्या बाजूने, आणि बर्नात फेनोल्यार हा पाद्री पंचाच्या खुर्चीत बसून अधूनमधून नियम सांगतो. एक कडवे एका चालीचे, दुसरे उत्तराचे, तिसरे पंचाचे, असा क्रम. एकविसाव्या चालीला मात होते. नव्या नियमांनी खेळलेला आणि चालीगणिक नोंदलेला हा सर्वांत जुना ज्ञात डाव आहे. तिघे खरोखर पटावर बसले होते की चाली कवितेसाठी जुळवल्या होत्या, याचा पुरावा नाही. अभ्यासाला त्याने फारसा फरक पडत नाही.

त्या काळात वजीर आणि उंट यांना नुकतेच नवे बळ मिळाले होते. पूर्वीचा वजीर एका वेळी तिरके एकच घर सरके आणि उंट दोन घरांची तिरकी उडी मारे. आता दोघेही पटभर धावू लागले. या नव्या खेळावरची पुस्तके अजून लिहिली जायची होती. आज हाती असलेले सर्वांत जुने छापील पुस्तक लुसेनाचे, तेही १४९७ सालचे. थोडक्यात, १४७५ मध्ये हा खेळ खेळणारा प्रत्येक जण नवशिका होता. म्हणूनच कास्तेल्वी-विन्योलेस डावात आजच्या शालेय स्पर्धेत, सोसायटीच्या गच्चीवर किंवा मोबाईलवर होणाऱ्या चुका जशाच्या तशा सापडतात.

अभ्यास करायचा तर विश्वविजेत्यांच्या डावांचा करावा, हौशी खेळाडूंच्या डावांत काय ठेवले आहे, असे बऱ्याच जणांना वाटते. ते अर्धेच खरे आहे. दोन ग्रँडमास्टर खेळतात तेव्हा ज्या धमक्या दोघांनीही आधीच ओळखून टाळल्या, त्या पटावर कधी येतच नाहीत. सामान्य वाचकाला दिसते ते एवढेच, की अमुक मोहरा अमुक घरी गेला. का गेला, ते टीपा वाचूनही कळत नाही. हौशी डावात धमकी येते, दिसत नाही, आणि मोहरा जातो. कारण आणि परिणाम यांत दोन-तीन चालींचेच अंतर असते, त्यामुळे ते डोळ्यांना दिसते.

हे ओळखणारा एक विश्वविजेताही होऊन गेला. डच खेळाडू मॅक्स ऊवे १९३५ मध्ये अलेक्झांडर अलेखिनला हरवून जगज्जेता झाला, पण पेशाने तो गणिताचा शिक्षक होता. वॉल्टर मेडन या अमेरिकन प्राध्यापकाबरोबर त्याने १९६३ मध्ये ‘चेस मास्टर व्हर्सेस चेस ॲमॅच्युअर’ हे पुस्तक काढले. त्यातल्या प्रत्येक डावात एका बाजूला कसलेला खेळाडू आणि दुसऱ्या बाजूला हौशी. शिक्षकाला पेपर तपासण्याची सवय असल्यामुळे असेल, पण हौशी खेळाडूच्या डोक्यात त्या क्षणी काय चालले असेल याकडे ऊवेचे बारीक लक्ष आहे.

आता प्रत्यक्ष डाव. खरा पट मांडून बसावे, मोबाईलचा पडदा नको. हाताने मोहरा उचलला की नजर आपोआप त्या घरावर थांबते. चालींवर एक कागद ठेवावा आणि तो एकेक ओळ खाली सरकवावा. पुढची चाल उघडण्याआधी आपण काय खेळलो असतो ते ठरवावे, शक्य तर लिहावे. चाली लिहिण्याची पद्धत सोपी आहे. पांढऱ्याच्या डाव्या हातापासून उभ्या रांगांना ए ते एच ही अक्षरे, आडव्या रांगांना पांढऱ्याच्या बाजूने १ ते ८ हे आकडे. सीरियातल्या अलेप्पोच्या फिलिप स्टामाने १७३७ च्या पुस्तकात ही पद्धत वापरली; जागतिक संघटना फिडेने मात्र १९८१ मध्ये कुठे तीच एकमेव अधिकृत ठरवली.

कास्तेल्वीने, म्हणजे पांढऱ्याने, राजापुढचे प्यादे ई४ वर नेले. विन्योलेसने वजिरापुढचे प्यादे डी५ वर आणून त्याला थेट भिडवले. प्याद्याने प्यादे मारले, काळ्या वजिराने ते परत मारले. पांढऱ्याचा घोडा सी३ वर आला, तसा वजीर मुकाट्याने डी८ या आपल्या मूळ घरी परतला. ही सुरुवात आज स्कँडिनेव्हियन बचाव या नावाने ओळखली जाते. चौथ्या चालीत पांढरा उंट सी४ वर आणि काळा घोडा एफ६ वर आला. पाचव्या चालीत पांढरा घोडा एफ३ वर, आणि त्याला उत्तर म्हणून काळा उंट जी४ वर. इथे कागद थांबवायचा.

काळ्या उंटाने एफ३ चा घोडा जखडला आहे; घोडा हलला तर मागचा वजीर जाईल. अशा वेळी दहातले आठ हौशी खेळाडू एच३ ला प्यादे नेऊन उंटाला हटकतात. कास्तेल्वीनेही तेच केले. पण इथे एक फुकटचे प्यादे पडले होते. सी४ चा उंट एफ७ वरचे प्यादे मारून शह देतो. राजाने उंट मारला की एफ३ चा घोडा ई५ वर उडी घेतो, पुन्हा शह देतो आणि त्याच उडीत जी४ च्या उंटावरही हल्ला करतो. काळ्या उंटाच्या तोंडासमोर पांढरा वजीर आहे खरा, पण राजाला शह असताना वजीर मारायला सवड कुठली? राजा हलला की घोडा उंट मारतो. उंट दिला, उंट घेतला, वर एक प्यादे मिळाले आणि काळ्याच्या राजाची तटबंदी मोडली, असा हिशेब.

चाणाक्ष वाचक इथे आणखी एक वाट शोधेल. शह वगैरे न देता घोडा लगेच ई५ वर नेला तर? काळ्याने हावरटपणे वजीर मारला, तर पांढरा उंट एफ७ वर जाऊन मात करतो: ई५ चा घोडा त्या उंटाला आधार देतो आणि डी७ चे घरही अडवतो. देखणी मात आहे. पण काळ्याने उंट ई६ वर मागे घेतला की सगळी जादू संपली. पहिली वाट समोरचा काहीही खेळला तरी चालते, दुसरी त्याच्या चुकीवर अवलंबून आहे. हा फरक हौशी खेळाडूंना वर्षानुवर्षे उमगत नाही. एका डावावर अर्धा तास घालवला तर उमगतो.

चूक सापडली म्हणजे काम झाले असे मात्र नाही. ती का झाली, ते पाहायचे. ‘जखडलेला मोहरा हलत नाही’ असे एक वाक्य डोक्यात घट्ट बसलेले असते. राजासमोर जखडलेला मोहरा जखडणाऱ्या रेषेबाहेर खरोखरच हलू शकत नाही, नियमच आहे तसा. वजिरासमोर जखडलेला मोहरा हलू शकतो, फक्त किंमत मोजावी लागते. त्या हलण्यातूनच शह मिळत असेल तर किंमतही मोजावी लागत नाही. वहीत लिहायचे ते हे.

पुढे. काळ्या उंटाने एफ३ चा घोडा मारला, पांढऱ्या वजिराने उंट मारला. सातव्या चालीला काळ्याने ई६ वर प्यादे नेले. सी४ च्या उंटाचा रोख त्याने अडला, हे बरोबर; पण एफ३ वर आलेल्या वजिराची तिरकी नजर थेट बी७ वर पोचते हे राहून गेले. प्यादे सी६ वर नेले असते तर ती वाट बंद झाली असती. हौशी खेळाडू समोरच्याने आत्ता हलवलेल्या मोहऱ्याकडे पाहण्याऐवजी मघापासून सलणाऱ्या मोहऱ्याला उत्तर देत बसतो, त्याचा हा स्वच्छ नमुना. पांढऱ्या वजिराने बी७ चे प्यादे खाल्ले.

काळ्याने घोडा डी७ वर काढला. पांढऱ्याने आपला घोडा बी५ वर आणून सी७ च्या प्याद्यावर दुहेरी दाब आणला, काळ्याने ते राखायला हत्ती सी८ वर नेला. घोड्याने ए७ चे प्यादे मारले आणि आता हत्तीवरच हल्ला आला. हत्ती बी८ वर सरकवला असता तर तो वाचला असता, शिवाय वजिराला हटकले असते ते वेगळेच. विन्योलेसने त्याऐवजी घोडा बी६ वर नेला. घोड्याने हत्ती मारला, घोड्याने घोडा मारला. काळ्याचा हत्ती गेला आणि बदल्यात नुसता घोडा मिळाला, म्हणजे तोटा काळ्याचा.

इथे ‘घोडचूक’ असा शेरा मारून पुढे जाण्याचा मोह होतो. पण जरा थांबून त्या काळ्या घोड्याचा प्रवास पाहावा: बी८, डी७, बी६, सी८. पुढचे घर डी६. तिथून तो बी७ चा वजीर आणि सी४ चा उंट या दोघांवर एकाच वेळी हल्ला करतो! काळ्याच्या डोक्यात काहीतरी शिजत होते हे उघड आहे. बाराव्या चालीला पांढऱ्याने डी४ ला प्यादे नेले आणि काळा घोडा खरोखरच डी६ वर येऊन बसला. क्षणभर वाटते, डाव फिरला.

कास्तेल्वीचे उत्तर या डावातली सर्वांत चांगली चाल आहे. उंट बी५ वर, शह. हल्ल्यात सापडलेल्या दोन मोहऱ्यांपैकी एक शह देत निसटला, म्हणजे दुसऱ्याला हात लावायला काळ्याकडे वेळच उरला नाही. घोड्याने बी५ चा उंट मारला, वजिराने घोडा मारला आणि पुन्हा शह. बेत फसला तो एका शहामुळे. विन्योलेसने आपल्या पुढच्या तीन चाली पाहिल्या होत्या, समोरच्याची एक पाहायची राहिली. चौदा चालींनंतर पांढरा दोन प्यादी पुढे होता, आणि घोड्याच्या जागी त्याच्याकडे हत्ती होता.

शेवट जास्त बारकाईने पाहण्याजोगा आहे. शह अडवायला काळ्याने उरलेला घोडा डी७ वर आणला. आता तो खऱ्या अर्थाने जखडला, कारण मागे राजा आहे. पांढऱ्याने डी५ ला प्यादे ढकलून ते देऊन टाकले आणि डीची उभी रांग मोकळी केली. मग उंट ई३ वर, काळ्याचा उंट डी६ वर. पांढरा हत्ती डी१ वर, काळा वजीर एफ६ वर. हत्तीने डी५ चे प्यादे परत घेतले. काळा वजीर जी६ वर गेला, कारण तिथून जी२ आणि सी२ ही दोन्ही प्यादी त्याला दिसू लागली. हरत आलेल्या डावात हौशी खेळाडू असाच एखाद्या प्याद्यामागे धावतो. एकोणिसाव्या चालीला पांढऱ्याने उंट एफ४ वर नेऊन काळ्या उंटासमोर धरला, आणि काळ्या उंटाने तो मारला.

डी६ चा उंट म्हणजे त्या उभ्या रांगेला घातलेला अडसर होता. तो निघाला आणि डी५ च्या हत्तीचा जोर सरळ डी७ वर पोचला. वजिराने डी७ चा घोडा मारला, शह. मागे हत्तीचा आधार असल्यामुळे राजाला वजीर मारता येईना. राजा एफ८ वर, वजीर डी८ वर, मात. जी६ चा काळा वजीर मध्ये येऊन शह अडवू शकला असता, पण त्याची वाट त्याच्याच एफ७ च्या प्याद्याने रोखली होती.

कवितेत इथे डाव संपतो. अभ्यासात दोन चाली मागे जायचे. उंट मारण्याऐवजी काळ्या वजिराने ई४ वर जाऊन शह दिला असता तर? पांढरा राजा अजून ई१ वर, आणि त्याच्यासमोर ई३ वर उभा असलेला उंट तर एका चालीपूर्वी एफ४ वर निघून गेलेला. शह चुकवायला तोच उंट परत ई३ वर आणावा लागला असता, आणि जी२, सी२ ही प्यादी काळ्या वजिराच्या माऱ्यात राहिली असती. पांढरा तरीही वरचढच, पण मात टळली असती आणि डाव लांबला असता. म्हणजे विजयी ठरलेल्या चालीतही भोक होते. हौशी डावांत हे फार घडते: जिंकणारा आपली चाल अचूक समजून घरी जातो, कारण समोरच्याला तिचे उत्तर सुचले नाही. जिंकलेले डाव म्हणूनच हरलेल्या डावांइतकेच तपासले पाहिजेत.

इंजिन, म्हणजे बुद्धिबळ खेळणारा संगणक-प्रोग्रॅम, लावायचे ते आता. स्टॉकफिश हे २००८ साली सुरू झालेले मोफत इंजिन आज कुठल्याही मोबाईलवर चालते आणि माणसांतल्या कोणत्याही विश्वविजेत्यापेक्षा बलवान आहे. ते प्रत्येक स्थितीला एक आकडा देते. अधिक एक म्हणजे ढोबळमानाने पांढऱ्याचे पारडे एका प्याद्याने जड. आकडा कुठे कोसळला ते कळते, का कोसळला ते कळत नाही. आणि काही वेळा इंजिनाचा सल्ला डावाबाहेरचा असतो. सतराव्या चालीला काळ्याने किल्लेकोट करून राजा सुरक्षित ठेवायला हवा होता, असे आजचा कोणीही सांगेल. पण १४७५ च्या व्हॅलेन्सियात किल्लेकोटाची आजची पद्धत रुळलेलीच नव्हती! आधी इंजिन पाहून मग विचार करणारा विद्यार्थी उत्तरे पाठ करतो, गणित शिकत नाही. आपली टिपणे आधी, इंजिन नंतर. आणि दोघांचे जिथे जमले नाही तिथे तासभर.

या मेहनतीने नेमके काय होते, यावर मानसशास्त्रज्ञांनी बरेच काम केले आहे. डच संशोधक आद्रियान द ग्रोट याने १९४६ च्या आपल्या प्रबंधात कसलेले खेळाडू विचार कसा करतात ते तपासले. १९७३ मध्ये अमेरिकेत विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी खेळाडूंना खऱ्या डावातली स्थिती पाच सेकंद दाखवली आणि मोहरे आठवणीने मांडायला सांगितले. सुमारे पंचवीस मोहऱ्यांपैकी मास्टरने सोळाच्या आसपास बरोबर मांडले, नवशिक्याने चार. मग तेच मोहरे पटावर वाटेल तसे विखरून ठेवले, तेव्हा मास्टरची आघाडी जवळजवळ संपली. मास्टरची स्मरणशक्ती अचाट नव्हती. त्याला मोहरे सुटे दिसत नव्हते, ओळखीच्या जुड्यांमध्ये दिसत होते. जखडलेला घोडा, उघडी रांग, मागे हत्ती, ही अशीच एक जुडी. ती एकदा स्वतः शोधली की पुढच्या वेळी नजर तिथे आपण होऊन जाते. नील चारनेस आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये स्पर्धात्मक खेळाडूंची माहिती तपासली, तेव्हा कोण किती बलवान होईल याचा सर्वांत चांगला अंदाज एकट्याने केलेल्या गंभीर अभ्यासाच्या तासांवरून येत होता.

मिखाईल बोट्विनिक हा सोव्हिएत विश्वविजेता तर सांगे की स्वतःच्या डावांवर टिपणे लिहा आणि ती छापा; चारचौघांसमोर मांडायचे म्हटले की स्वतःला फसवणे अवघड होते. छापायची सोय नसली तर क्लबातल्या एखाद्या मित्राला दाखवावे. ज्याच्याशी खेळलो त्याच्याबरोबरच डाव पुन्हा मांडणे हे तर सर्वांत उत्तम, कारण ‘इथे तू काय पाहत होतास’ या प्रश्नाचे उत्तर दुसरे कोणी देऊ शकत नाही. घड्याळातली वेळही चालीशेजारी टिपावी. कुठल्या चालीला बारा मिनिटे गेली आणि कुठली चाल झटक्यात झाली, हे नंतर चालींपेक्षाही जास्त बोलते. बहुतेक मोठ्या चुका झटक्यात केलेल्या निघतात.

दुसऱ्यांचे डाव हवे असतील तर कमतरता नाही. लिचेस या मोफत संकेतस्थळावर खेळले गेलेले मानांकित डाव दर महिन्याला सर्वांसाठी खुले केले जातात. आपल्याहून थोड्या वरच्या पातळीच्या खेळाडूंचे निवडावेत.

आणि स्वतःच्या डावांविषयी एक व्यवहाराची सूचना. जलद आणि अतिजलद स्पर्धांत चाली लिहिण्याची सक्ती नसते, त्यामुळे ते डाव बहुधा हवेत विरतात. दीर्घ वेळेच्या स्पर्धेत मात्र प्रत्येक चाल लिहावीच लागते. पण फिडेच्या नियमानुसार तो चालींचा कागद आयोजकांच्या मालकीचा असतो. कार्बनची प्रत मिळत असेल तर ती जपून ठेवा, नसेल तर कागद देताना पंचांच्या परवानगीने मोबाईलवर त्याचा फोटो काढून घ्या.